झोंबी डोंबिवलीत, पाणी आपल्याकडचं

मोठी पोस्ट आहे, आधीच सांगतो. बदलापूर लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर घाटकोपरपर्यंत पुरेल. उभे असाल तर सेव्ह करून ठेवा, घरी वाचा.

परवा शुक्रवारी आमच्याकडे शटडाऊन होता. अंबरनाथ-बदलापूर-उल्हासनगरवाल्यांना शटडाऊन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आदल्या रात्री पिंप, बादल्या, कुकर, पातेली, जे भरता येईल ते भरून ठेवलेलं. मोरीत पाय ठेवायला जागा नाही. मुलगा हॉलमध्ये मोबाईलवर पिक्चर बघत लोळत होता आणि मधेच खो खो हसत होता. डोकावलो, तर 'झोंबिवली'. थोड्या वेळाने मला म्हणतो, "बाबा, हे पाण्याचं सगळं आपल्याकडचंच वाटतंय ना?"

म्हटलं, अरे, आपल्याकडचंच आहे. त्याला वाटलं मी विनोद करतोय.

मी या पट्ट्यात वीसेक वर्षं बातम्या करतोय. पालिका, एमआयडीसी, स्टेशन, पाणी, पुन्हा पाणी. चित्रपट समीक्षा हे माझं काम नाही आणि त्यातलं मला फार कळतही नाही. पण हा पिक्चर मी समीक्षक म्हणून बघूच शकत नाही. मला तो आपल्या भागाच्या इतिहासाच्या पुस्तकासारखा दिसतो. फक्त छापणाऱ्याने मुखपृष्ठावर शेजारच्या गावाचं नाव टाकलंय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'झोंबिवली' २६ जानेवारी २०२२ ला आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी. मराठीतला पहिला झोंबीपट म्हणून त्याची जाहिरात झाली. वेळ मात्र वाईट. करोनाची तिसरी लाट चालू, थिएटरं निम्म्या क्षमतेने. म्हणजे खरी साथ अजून संपलेली नाही आणि पडद्यावर खोट्या साथीवर हसायला लोकांना बोलावलेलं. तरी लोक गेले. मीही गेलो, एक खुर्ची सोडून एक खुर्ची असं बसून.

गोष्ट अशी. सुधीर जोशी हा मध्यमवर्गीय इंजिनिअर, बायको गरोदर, डोंबिवलीत टॉवरमध्ये घर. शेजारी जनता नगर नावाची वस्ती, तिथे पाण्याची मारामार, आणि वस्तीसाठी भांडणारा विश्वास. मग माणसं झोंबी व्हायला लागतात. पहिला तडाखा अर्थातच वस्तीला. टॉवरवाल्यांना आधी वाटतं हे कुंपणापलीकडचं आहे. रहस्य फोडतोय, पण पिक्चर जुना झालाय, माफ करा: या सगळ्याचं मूळ सापडतं ते पाण्यात आणि पाण्याच्या धंद्यात.

आता झोंबी ही चीज आपली नाही, हे खरं. पण ती हॉलिवूडचीही नाही. तिचं मूळ हैतीत आहे. हैती ही फ्रेंचांची उसाची वसाहत, आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम तिथे मरेपर्यंत राबायचे. १८०४ मध्ये त्यांनी लढून देश स्वतंत्र केला. त्या लोकांची एक भीती होती, की मेल्यावरही सुटका नाही, कुणीतरी मांत्रिक आपल्याला उठवेल आणि पुन्हा शेतात राबवेल. हाच मूळ झोंबी. तो कुणाला चावत नाही, खात नाही. मेल्यानंतरही शिफ्टला जातो, इतकंच. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी' या अमेरिकन पिक्चरमध्ये साखर कारखान्यात काम करणारे झोंबी आहेत. सकाळी पावणेसातला अंबरनाथच्या फलाटावर उभं राहून हे वाचलंत तर वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

चावणारे, झुंडीने येणारे झोंबी आणले जॉर्ज रोमेरोने, १९६८ मध्ये, 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' मधून. हा माणूस मला फार आवडतो, कारण तो आपल्यासारखाच मोठ्या शहराच्या सिनेमाजगतापासून लांब, पिट्सबर्ग या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात जाहिरातपट करून पोट भरायचा. पिक्चरचं बजेट सुमारे १,१४,००० डॉलर. रंगीत फिल्म परवडत नव्हती म्हणून कृष्णधवल. पिक्चरमध्ये झोंबी हा शब्दही नाही. नायक कृष्णवर्णीय, ड्वेन जोन्स. रात्रभर तो सगळ्यांना वाचवायची धडपड करतो आणि सकाळी बंदूकवाल्या गोऱ्या टोळीच्या गोळीने मरतो. पैसे मात्र रोमेरोला नीट मिळाले नाहीत. वितरकाने ऐनवेळी नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची विसरला. पिक्चर सगळ्यांचा झाला, कुणीही दाखवावा. दहा वर्षांनी रोमेरोनेच झोंबी मॉलमध्ये फिरवले, आणि २००४ मध्ये इंग्रजांनी 'शॉन ऑफ द डेड' काढला, त्यातला हिरो दुकानात जाऊन परत येतो तरी रस्त्यावर झोंबी आहेत हे त्याच्या लक्षात येत नाही. रोजच्या चेहऱ्यांत आणि त्यांच्यात फरकच नसतो ना. २०१७ मध्ये जपानमध्ये शिनिचिरो उएदाने जेमतेम ३० लाख येनमध्ये 'वन कट ऑफ द डेड' केला. म्हणजे या प्रकारात पैसा कमी असणं ही अडचण नाहीच, परंपरा आहे. जगबुडी दाखवायला ज्यांच्याकडे पैसे नसतात ते लोक जगबुडीवर जास्त खरं बोलतात, असं माझं आपलं मत. पैसेवाले शहरं पाडण्यात गुंग होतात.

आपल्याकडे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण डोंबिवलीचं नाही, मालेगावचं आहे. शेख नासिर आणि त्याची मंडळी. यंत्रमागाच्या गावात सुपरमॅन उडवला. हिरवा पडदा लावून, जुगाड करून. त्यांची गोष्ट फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटात आहे, जरूर बघा. त्या सुपरमॅनची लढाई कुणाशी? तर गावातल्या घाणीशी आणि तंबाखूशी. खलनायकाला घाण आवडते. सुपरमॅन झालेला शफीक स्वतः यंत्रमागावर काम करणारा, काटकुळा पोरगा. पुढे तो कॅन्सरनेच गेला. लोक पिक्चर बघून हसतात आणि मग हे कळल्यावर गप्प होतात.

मराठीत जगबुडीची कल्पना नव्हती असंही नाही. जयंत नारळीकरांच्या 'हिमप्रलय' मध्ये मुंबईत बर्फ पडतं. पण ती शास्त्रज्ञाच्या टेबलावरून दिसणारी आपत्ती होती, आणि नारळीकर ते काम अगदी चोख करायचे. नळावरून, मोरीतून, हंड्यांच्या रांगेतून दिसणारी आपत्ती पडद्यावर यायला २०२२ उजाडलं. आणखी एक गंमत. झोंबीला मराठी शब्द नाही म्हणून या मंडळींनी अडून बसण्याऐवजी प्रमोशनच्या गाण्याला नाव दिलं 'अंगात आलंया', आणि सिद्धार्थ जाधवला नाचवलं. मला ते एकदम पटलं. अंगात येणं आपल्याला माहितीये. जत्रेत बघितलंय, घरात बघितलंय. आपल्या माणसाच्या अंगातून दुसरंच कुणीतरी बोलायला लागतं, याहून भीतीदायक आणि याहून ओळखीचं काय असणार. याच दिग्दर्शकाने पुढे २०२४ मध्ये हिंदीत 'मुंज्या' केला आणि तो तुफान चालला, पण तो वेगळा विषय.

आता आपल्याकडे येतो.

जगबुडीनंतरच्या पिक्चरमध्ये नेहमी असतं ते दृश्य आठवा. जग संपलंय, उरलेली माणसं एखाद्या ओसाड लष्करी तळावर पोचतात, रिकाम्या बराकी, पाणी कुठे आहे कुणाला माहीत नाही, उद्या काय तेही माहीत नाही. उल्हासनगर नेमकं असंच वसलंय. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेली कल्याण कॅम्प नावाची छावणी, दोन हजारांवर बराकी. युद्ध संपलं, सैन्य गेलं. फाळणी झाली आणि सिंधमधून सगळं गमावून आलेली सुमारे लाखभर माणसं इथे उतरली. एका बराकीत मधे गोणपाटाचे, चादरींचे पडदे लावून कितीतरी कुटुंबं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाचं नाव उल्हासनगर झालं. पण ७५ वर्षांनंतरही आपण रिक्षावाल्याला काय सांगतो? "कॅम्प तीन." "कॅम्प चार, लालचक्की." नाव नगर, पत्ता छावणीचाच.

आणि या लोकांनी त्या ओसाडीत काय केलं? वस्तू बनवायला सुरुवात केली. पापड, बिस्किटं, फर्निचर, नंतर जीन्स. जे बाहेर मिळतं ते इथे बनायला लागलं, आणि 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद अख्ख्या देशाने केला. आपणही केला. मी कॉलेजात असताना अंबरनाथचे आम्ही मराठी पोरं हा विनोद करून हसायचो, आणि अंगात जीन्स कॅम्पमधलीच असायची. कॅम्प चारमधल्या एका म्हाताऱ्या दादांनी मला एकदा शांतपणे ऐकवलं होतं, "बेटा, आमची दुनिया एकदा संपून झालीये. आता तुम्ही हसा, आम्ही माल बनवतो." मी ते त्या वेळी बातमीत घातलं नव्हतं. बातमी रस्ता रुंदीकरणाची होती.

छावणीच्या अलीकडे आमचं अंबरनाथ. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं शिवमंदिर, शिलाहारांच्या काळातलं, आणि त्याला लागून वाहणारी वालधुनी. नदी छोटी आहे, तावली-काकोळेच्या डोंगराच्या बाजूने येते. काकोळ्याला रेल्वेचं जुनं धरण आहे, आपण अजून त्याला जीआयपी टँक म्हणतो. तिथलं पाणी बघा, आरसा आहे. पोरं पोहतात, लोक सहलीला जातात. रेल्वेच्या पाण्याच्या बाटल्या भरायचा 'रेल नीर'चा प्रकल्पही आपल्या अंबरनाथलाच आहे. आणि तिथून काही किलोमीटर खाली, मंदिराशी, तीच नदी कशी दिसते ते श्रावणी सोमवारी रांगेत उभं राहिल्यावर तुम्ही बघितलंय. बघितलंय म्हणण्यापेक्षा वास घेतलाय. हजार वर्षांपूर्वी ज्यांनी पाण्याकाठी जागा बघून मंदिर बांधलं त्यांना आज आणून उभं केलं तर पिक्चर बनेल, पण कॉमेडी बनेल का ते सांगता येत नाही.

हे अचानक नाही झालं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि साठ-सत्तरच्या दशकात डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर इथे रासायनिक कारखाने आले. त्यांना पाणी हवं म्हणून बारवी धरण, १९७२ चं. हे नीट लक्षात घ्या, कारण आपल्या सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. बारवी मुळात कारखान्यांसाठी बांधलं. माणसं नंतर आली, कारखान्यांच्या मागोमाग, स्वस्त घरांच्या मागोमाग, आणि कारखान्याच्या पाण्यावर राहायला लागली. उल्हासनगर एवढं मोठं शहर, महापालिका, पण स्वतःचा पाण्याचा स्रोत नाही, एमआयडीसीकडून विकत घेतं. अंबरनाथ-बदलापूरला जीवन प्राधिकरणाचं पाणी येतं ते मुख्यतः बदलापूरच्या बॅरेजवरून, उल्हास नदीतून. आमचं चिखलोली धरण जवळचं, हक्काचं, पण कारखान्यांच्या शेजाराने त्याचं पाणी पिण्याचं की नाही हा वादच वर्षानुवर्षं चालला. शहाडजवळ उल्हासनगरचा खेमाणी नाला उल्हासला मिळायचा, आणि पुढे त्याच नदीतून कल्याण-डोंबिवली पाणी उचलते. दर उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीची हिरवी चादर. पाहुणे रेल्वे पुलावरून बघतात आणि म्हणतात, "किती छान हिरवळ!"

म्हणजे वरचं गाव जे सोडतं ते खालच्या गावाच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे जातं. पिक्चर डोंबिवलीत घडतो, कारण झोंबी आणि डोंबिवली हे नाव जुळतं. 'झोंबरनाथ' चाललं नसतं. पण पाण्याचा प्रवास बघितला तर गोष्ट आपल्यापासूनच सुरू होते.

पिक्चर आला तेव्हा काही जण म्हणाले, झोंबी वगैरे ठीक आहे, पण डोंबिवलीत असं काय होतं म्हणून हे दाखवलं? मला हसू आलं. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. आपल्याकडे उल्हासनगरला जीन्स धुण्याच्या कारखान्यांनी वालधुनी कित्येक वर्षं निळी वाहवली. कॅम्प पाचच्या बाजूला उभं राहून दिवसभरात नदीचे रंग मोजायचे. २०१८ च्या सुमारास ते कारखाने बंद झाले, काही गावांकडे सरकले, काम करणाऱ्या हजारो हातांचं काय झालं ते कुणी धड मोजलं नाही. हिरवा पाऊस, गुलाबी रस्ता, निळी नदी. पटकथालेखकाने लिहिलं असतं तर निर्माता म्हणाला असता, जरा अति होतंय.

आणि आता मला जे खरं सांगायचंय ते सांगतो.

या सगळ्या बातम्या आम्ही केल्या. आणि आम्ही त्या गमतीशीर केल्या. रंगपंचमी लवकर आली, आभाळाला मेंदी लागली, रस्त्याला लाली चढली, असली शीर्षकं. मी स्वतः दिली आहेत. वाचक हसले, कटिंग फिरली, पुढे व्हॉट्सअॅपवर फोटो फिरले. कुठल्या रसायनाने रंग आला, ते श्वासात गेलं तर काय होतं, कुणाच्या कारखान्यातून आलं, हे चौथ्या परिच्छेदात असायचं आणि जागा कमी पडली की तोच कापला जायचा. काही वेळा मीच कापून पाठवला, डेस्कला त्रास नको म्हणून.

मग नोव्हेंबर २०१४ ची ती रात्र आली. महिन्याचे शेवटचे दिवस. उल्हासनगरमध्ये वालधुनीत कुणीतरी टँकर रिकामा केला. रात्रीच्या वेळी रसायनाचे टँकर नदीत, नाल्यात सोडायचे हा धंदा इथे सगळ्यांना माहीत होता. पैसे देऊन प्रक्रिया करण्यापेक्षा ड्रायव्हरला थोडे पैसे दिले की काम होतं. पण त्या रात्री जे सोडलं त्याचा नदीतल्या पाण्याशी संयोग झाला आणि काठच्या वस्त्यांमध्ये वायू पसरला. माणसं झोपेतून उठली ती खोकत. डोळ्यांची आग, उलट्या, श्वास अडकलेला. शेकडो जणांना रुग्णालयात न्यावं लागलं.

मी पहाटे पोचलो. रस्त्यावर माणसं चालत होती, तोंडाला ओला टॉवेल, ओला पदर. काही रिक्षात बसवली जात होती, काही चालत निघाली होती, पोरं खांद्यावर. डोळे लाल, पावलं अडखळत, कुणी कुणाशी बोलत नाही. रस्त्यावर दिवे होते पण धुरकट. सात वर्षांनी थिएटरमध्ये पडद्यावर जेव्हा वस्तीतून अडखळत येणारी झुंड दिसली आणि माझ्या मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारायला लागली, तेव्हा मला ती पहाट आठवली. मी हसू शकलो नाही, आणि पोरांचा रागही आला नाही. त्यांना कुठे माहीत होतं. आम्ही सांगितलं होतं कुठे नीट?

एक आजी होत्या, नदीच्या भिंतीला लागून त्यांचं घर. मी वही काढून विचारलं, काय झालं. त्या म्हणाल्या, "काय व्हायचंय? रोज होतं ते आज जास्त झालं." मी हे वाक्य लिहून घेतलं. बातमीत आकडे गेले, मंत्र्यांची भेट गेली, चौकशीचे आदेश गेले. वाक्य राहिलं. वही अजून माझ्याकडे आहे.

पिक्चरमधला विनोद मला पुन्हा बघताना इथे कळला. जनता नगरवाले पहिल्यापासून सांगत असतात की पाण्यात गडबड आहे, पण त्यांचं ऐकायला टॉवर तयार नसतो. टॉवर ऐकतो कधी, तर साथ लिफ्टने वर आल्यावर. आपल्याकडेही वालधुनीची बातमी वस्तीत शेकडो माणसं पडेपर्यंत वासाची तक्रार होती. मग ती बातमी झाली. १२ सप्टेंबर २०२४ ला अंबरनाथमध्ये रसायनाचा धुकट थर पसरला, स्टेशनपर्यंत, नव्या सोसायट्यांपर्यंत, तेव्हा मात्र तासाभरात व्हिडिओ सगळीकडे. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त फोन आले ते पंधराव्या-सोळाव्या मजल्यांवरून. "साहेब, हे आपल्याकडे कसं काय?" हवा मजला बघत नाही हो. पाणीही नाही. एकाच जलवाहिनीवर टॉवरही आहे आणि झोपडपट्टीही, एवढं भूगोलाचं साधं तत्त्व या पिक्चरने नाचत-गात सांगितलं, आणि माझ्या मते विकास आराखड्यांच्या जाडजूड कागदांपेक्षा बरं सांगितलं.

जिथे पिक्चर कमी पडतो तेही सांगतो, नाहीतर म्हणाल मंडळींनी पार्टी दिली वाटतं. पिक्चरला एक खलनायक लागतो. एक माणूस, त्याचा धंदा, त्याचं पाप, शेवटी त्याचा निकाल. प्रेक्षक खूश होऊन घरी. आपल्याकडे असा माणूस शोधायला गेलो तर हाताला कुणीच लागत नाही. टँकरचा ड्रायव्हर म्हणतो मला मालकाने सांगितलं. मालक म्हणतो मी कंत्राट दिलं होतं. कारखानदार म्हणतात आमचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जातं. केंद्र म्हणतं आमच्याकडे क्षमतेपेक्षा जास्त येतं. पालिका म्हणते कारखाने बघा, कारखाने म्हणतात पालिकेचं मैलापाणी बघा. आणि गंमत म्हणजे सगळे थोडे थोडे खरं बोलतात. 'वनशक्ती' या संस्थेने उल्हास आणि वालधुनीसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली, आणि २०१५ मध्ये लवादाने प्रक्रिया केंद्रं आणि स्थानिक संस्था मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या आदेशात एक खलनायक नाही, यादी आहे. यादीवर पिक्चर बनत नाही.

तारखांची यादी तर आणखी लांब. २६ मे २०१६, डोंबिवली एमआयडीसीत स्फोट, १२ मृत्यू, दोनशेच्या आसपास जखमी, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४, पुन्हा डोंबिवली, पुन्हा मे महिना, पुन्हा दहाहून जास्त जीव. मधे जून २०२१, बदलापूरला रात्री वायुगळती, लोक घराबाहेर. स्फोटानंतर समिती, समितीनंतर अहवाल, कारखाने हलवण्याची घोषणा. २०१६ ची घोषणा आणि २०२४ ची घोषणा शेजारी ठेवून बघा एकदा. मी ठेवली होती. एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, "सर, जुनीच प्रेस नोट का काढलीत?"

आणि पाणी नुसतं विषारी होऊनच येतं असं नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारभर प्रवासी, चारही बाजूंनी उल्हास नदी. होड्या, हेलिकॉप्टर, एनडीआरएफ. देशभरच्या चॅनेलवर बदलापूरचं नाव. त्या दिवशी जवळच्या गावातली माणसं सगळ्यांच्या आधी पोचली होती, चहा-पाणी घेऊन. जगबुडीच्या पिक्चरमध्ये माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. आपल्याकडे निदान पहिले दोन दिवस चहा तरी मिळतो. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि रुळ ओसाड पडले तेव्हाही बघितलं. कॅम्पमधल्या डेऱ्यांतून, गुरुद्वारांतून, मंडळांतून डबे निघाले. ७० वर्षांपूर्वी ज्यांच्या आजोबांनी बराकीत रांगेत उभं राहून अन्न घेतलं होतं, तेच डबे भरत होते.

मुलाने पिक्चर संपवला आणि मला विचारलं, पाण्यात खरंच एवढं काही असतं का. मी त्याला जुनी कात्रणांची फाईल काढून दिली. हिरवा पाऊस वाचून तो हसला. शीर्षक माझंच होतं. मग वालधुनीचं कात्रण हातात घेऊन बराच वेळ वाचत बसला आणि म्हणाला, "यात शेकडो लोक लिहिलंय. एकाचंही म्हणणं नाहीये." म्हटलं, नाहीये. वही आणून दाखवली. त्याने आजींचं वाक्य वाचलं आणि मोबाईलवर फोटो काढून घेतला. कशाला, ते विचारलं नाही.

रात्री बाराच्या पुढे नळाला घरघर लागली. आधी हवा, मग खोकल्यासारखा आवाज, मग पाणी. बायकोने आतून आवाज दिला, पहिली बादली भरून घेऊ नकोस रे, लाल येतं, सोडून दे. मुलगा दिवा लावून मोरीत उभा राहिला आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत वाट बघत बसला.